चारशे सतरा नंबरची चिठ्ठी

तारकोबा उभ्या आयुष्यात एकदाच खोटं बोलले, आणि तेही अशा भाषेच्या बाबतीत, जी बोलणारा शेवटचा माणूस जाऊन चारपाच हजार वर्षं झाली. तक्रार करायला कोणी उरलंच नव्हतं. त्यामुळे ते पकडले गेले नाहीत, आणि सगळी पंचाईत तिथूनच सुरू झाली.

तारकोबा हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पण खरं नाव हजेरीपटाखेरीज कुठे वापरात नव्हतं, आणि हजेरीपटही तेच भरत असल्यामुळे त्यांनाच काय ते रोज सकाळी आठवायचं. धातुकोश कार्यालयात ते कार्डं लिहायला लागले आणि वर्षभरात तारकोबा झाले. हे कार्यालय म्हणजे एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावरच्या तीन खोल्या. पहिल्या मजल्यावर दाताचे डॉक्टर. खाली मुळं उपटायचे, वर मुळं शोधायचे. पेशंट हमखास मजला चुकायचे. गाल धरून वर आलेल्या माणसाला तारकोबा खुर्ची द्यायचे, पाणी द्यायचे आणि "एक मजला खाली" म्हणून सांगायचे. एका गृहस्थांना ते सांगायच्या आतच सरांनी गाठलं आणि तासभर लॅटिन क्रियापदं ऐकवली. त्यांची दाढ तिथेच दुखायची थांबली. भीतीनं थांबली असावी, असं तारकोबांचं मत होतं.

सर म्हणजे कार्यालयाचे प्रमुख, संपादक आणि एकमेव विद्वान. त्यांचा धंदा समजावून सांगणं कठीण आहे, कारण तो नसलेल्या गोष्टींचा होता. संस्कृत, ग्रीक, लॅटिन आणि अशा कितीतरी भाषा ज्या एका खापरपणजीच्या पोटच्या, ती खापरपणजी लिहायला कधी शिकलीच नाही. तिनं मागे ना कागद ठेवला ना दगड. मग ती काय बोलायची, हे ठरवायचं कसं? तर तिच्या पतवंडांकडे बघून. ओझं वाहण्याला संस्कृतात 'भरामि', ग्रीकमध्ये 'फेरो', लॅटिनमध्येही 'फेरो'. ग्रूप फोटोत चार भावंडांची नाकं एकाच वळणाची दिसली, की फोटोत नसलेल्या आजोबांचं नाकही साधारण कळतं, त्यातलाच प्रकार. नामांचं त्या मानानं सोपं. नाम बिचारं जागच्या जागी बसून राहतं. क्रियापद मात्र मुलखाचं चंचल. कोणी केलं, किती जणांनी केलं, कधी केलं, दुसऱ्यासाठी केलं की स्वतःसाठी, जसा प्रश्न तसं ते कपडे बदलणार. सरांनी जन्म घालवला तो या कपड्यांची कपाटं लावण्यात.

तारकोबांचं काम सरांच्या चिठ्ठ्या कार्डांवर सुवाच्य उतरवण्याचं. कार्डं दोन रंगांची. जे रूप कुठल्या तरी जुन्या पोथीत, शिलालेखात खरोखर सापडलेलं आहे ते पांढऱ्या कार्डावर, आणि मागे ग्रंथ नि पानाचा आकडा. जे कोणीच कधी पाहिलेलं नाही, नुसतं हिशेबानं काढलेलं आहे, ते निळ्या कार्डावर. त्याच्या डोक्यावर लाल शाईनं एक तारका. तारका म्हणजे, हे आम्ही पाहिलेलं नाही, पण असणार. तीन रेघा एकमेकींना मधोमध छेदणाऱ्या. एकतीस वर्षांत तारकोबांनी नऊ हजारांवर तारका काढल्या. सरांना एखाद्या रूपाबद्दल काहीच सांगता येत नसेल, तर ते चिठ्ठीवर नुसतं प्रश्नचिन्ह करायचे. मग कार्डावरही तेच उतरवायचं आणि तारका द्यायची नाही. सरांच्या खिशाला शाईचं पेन असायचं आणि कानावर पेन्सिल. पेन्सिल दिवसातून दोनदा हरवायची आणि दोन्ही वेळा कानावरच सापडायची.

तारकोबांच्या बायकोला या सगळ्याचं कौतुक बेताचंच होतं. ती स्वतः तारका न देता हिशेब करायची. छत्री असून डावा खांदा ओला, बुटांना चिखल नाही, आणि शर्टाला बिस्किटाचा चुरा. एवढ्यावर ती सांगायची, "लायब्ररीतल्या त्या मित्राबरोबर उपाहारगृहात बसला होतात. अर्धी छत्री त्याला दिलीत. चहा दोनदा झालाय, आता मागू नका." तिचं एकही रूप आजवर खोटं ठरलं नव्हतं.

एकदा त्यांनी तिला हौसेनं सांगायला घेतलं, की संस्कृतात क्रियापदं दोन तऱ्हेची. फळ दुसऱ्याला मिळतं ते परस्मैपद, स्वतःला मिळतं ते आत्मनेपद.

"म्हणजे धुणं, भांडी, केर, स्वयंपाक हे सगळं परस्मैपद," ती म्हणाली. "आणि तुमचं जेवून आडवं होणं आत्मनेपद."

तारकोबांनी दुसऱ्या दिवशी सरांना हे सांगितलं. झोपण्याचा संस्कृत धातू खरोखरच आत्मनेपदी आहे, हे आठवून सर इतके खूश झाले, की त्यांनी वहिनींना नमस्कार कळवला. बायकोनं नमस्कार घेतला आणि भांडी तारकोबांकडे दिली.

तर, ते खोटं.

तारकोबांचा नोकरीचा पहिला महिना होता. सहा महिने तात्पुरते, काम पसंत पडलं तर कायम. लग्नालाही महिनाच झालेला. दिवसाला चाळीस कार्डं उतरवायची असा सरांचा नियम, आणि तारकोबांचा हात वळणदार पण धिमा. सरांचा दुसरा नियम, चिठ्ठ्या कार्यालयाबाहेर न्यायच्या नाहीत. पहिला नियम पाळण्यासाठी तारकोबांनी दुसरा मोडला. चिठ्ठ्यांचा गठ्ठा घरी आणला आणि शनिवारी संध्याकाळी बसून संपवला. सोमवारी सकाळी घरून निघताना मोजून पाहतात तो चारशे सोळा आहे, चारशे अठरा आहे, आणि मधली गायब. ती शर्टाच्या खिशात राहिली होती, आणि शर्ट धुतला गेला होता. उरला होता तो एक निळसर लगदा.

कार्यालयात पाय ठेवताच सरांनी आतून विचारलं, "चारशे सतरा झालं का?"

"झालं, सर," तारकोबा म्हणाले.

झालं खोटं बोलून. आता ते खरं करणं आलं. धातूंच्या यादीत चारशे सतराचा अर्थ 'ढवळणे' असा छापलेला होता. हवं होतं त्याचं भूतकाळाचं बहुवचन, म्हणजे 'त्यांनी ढवळलं'. तारकोबांनी अलीकडचं कार्ड पाहिलं, पलीकडचं पाहिलं. अलीकडच्याचं डोकं घेतलं, पलीकडच्याची शेपटी लावली. त्या दोघांचा तसा काही संबंध नव्हता, पण शेजारी म्हणून एवढं चालतं, असं त्यांना वाटलं. वर अगदी रेखीव तारका काढली आणि कार्ड खणात टाकलं.

दोन वर्षं काही झालं नाही. तारकोबा कायम झाले. मग एका दुपारी सर चारशे सतरा हातात घेऊन बाहेर आले. चेहरा असा, की खालच्या डॉक्टरांकडे पाठवावं.

"हे मी असं का लिहिलं असेल?" सर म्हणाले.

तारकोबांनी पेनाला टोपण लावलं. "चूक असेल, सर. काढून टाकू?"

"चूक?" सरांनी त्यांच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "माझ्या हातून उगाच असं लिहिलं जाणार नाही. डोकं एका वर्गाचं, प्रत्यय दुसऱ्याचा. काहीतरी कारण असलंच पाहिजे. मी तेव्हा काहीतरी पाहिलं होतं, आता विसरलोय."

आणि माणसाचा स्वतःवर एवढा विश्वास असला की कारण सापडतंच. सरांना ते चार वर्षांनी सापडलं. त्यांनी सिद्ध केलं, की खापरपणजीकडे क्रियापदांचा आणखी एक, आजवर कोणाला न दिसलेला वर्ग होता. त्याला 'चौथा वर्ग' म्हणू लागले. त्यावर ब्याऐंशी पानांचा प्रबंध झाला, परदेशी परिषदा झाल्या. परक्या विद्यापीठांतली पोरं चौथ्या वर्गावर परीक्षेत नापास होऊ लागली. तारकोबा रोज सांगायचं ठरवत आणि रोज काहीतरी आडवं येई. एकदा सरांचा सत्कार आला, एकदा सरांचा ताप आला, एकदा नुसताच शुक्रवार आला. पुढेपुढे तर आणखीच बिकट झालं. सरांचा प्रबंध सुवाच्य उतरवता उतरवता तारकोबांनाच तो पटला. आपण चुकून बरोबरच लिहिलं की काय, असं त्यांना वाटू लागलं. खापरपणजी खरोखरच असं ढवळत असेल.

असं करत करत निवृत्तीला तीन आठवडे उरले. कोशाचा शेवटचा, क्रियापदांचा खंड छापायला जायचा होता, आणि कॉम्प्युटरवाली बाई सगळी कार्डं मशीनमध्ये भरत होती. ही बाई दोन वर्षांपूर्वी आलेली, कामाला वाघ. तिच्या मशीनला प्रत्येक कार्डामागे मूळ चिठ्ठी दाखवावी लागायची. चिठ्ठ्या बुटांच्या रिकाम्या खोक्यांत नंबरवार होत्या.

"काका," ती म्हणाली, "चारशे सतराची चिठ्ठी नाहीये."

"असेल कुठेतरी."

"नऊ हजारांतली तेवढीच नाहीये. मशीन पुढे जाऊ देत नाही. लाल दाखवतंय."

"हिरवं कर ना मग."

"मी नाही करत काका, ते आपणहून होतं. शनिवारी फाइल छापखान्यात द्यायचीय. सरांना विचारू?"

"मी विचारतो," तारकोबा म्हणाले, आणि त्या दिवशी डबा न उघडताच घरी आले. बायकोनं डब्याचं वजन हातानं तोललं.

"चारशे सतरा?" तिनं विचारलं.

लग्नानंतरच्या त्या सोमवारी तारकोबांनी तिला काय ते सांगितलं होतं. त्यानंतर एकतीस वर्षांत दोघांत तो आकडा पुन्हा निघाला नव्हता.

"सांगून टाका," ती म्हणाली. "पुस्तक एकदा छापलं की धुता येत नाही."

"सरांचं सगळं त्याच्यावर उभं आहे गं. म्हातारपणी माणसाच्या पायाखालची फरशी काढायची?"

"फरशी तुम्हीच घातलीत ना. मग काढताना त्यांचा हात तरी धरा. परक्यानं काढली तर तेही होणार नाही."

दुसऱ्या दिवशी तारकोबा सरांच्या खोलीत गेले. दार लावलं. गेली तीसेक वर्षं पाठ केलेलं भाषण उभ्यानं म्हटलं. गठ्ठा, घर, खिसा, धुणं, डोकं, शेपटी, काही गाळलं नाही. शेवटी म्हणाले, "चौथा वर्ग मी केलाय, सर. काय शिक्षा द्यायची ती द्या."

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"याला पुरावा काय?" त्यांनी विचारलं.

तारकोबांना समजेना. "म्हणजे? मी सांगतोय ना."

"तुम्ही सांगताय. एकटे. तेही एकतीस वर्षांनी. लेखी काही नाही. चिठ्ठी आहे?"

"नाही. तेच तर सांगतोय."

"एका भाषेत सापडलेलं रूप आपण मूळ भाषेत धरतो का, तारकोबा?"

"नाही सर. कमीत कमी दोन शाखांत लागतं. आणि त्या एकमेकींपासून लांबच्या हव्यात."

"मग? तुमच्या या कबुलीला आत्ता मी फार तर तारका देऊ शकतो. दुसरा साक्षीदार आहे?"

माणूस गुन्हा कबूल करतो आणि समोरचा त्याला बिनपुराव्याचा ठरवतो, हा अनुभव सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. तारकोबा जरा दुखावलेच. एवढी वर्षं जपलेलं पाप, त्यावर कोणी असा अविश्वास दाखवावा?

"बायको आहे," ते म्हणाले. "तिनंच धुतला शर्ट."

"वहिनींना उद्या घेऊन या. आणि आज घरी यावर एक शब्द बोलायचा नाही. साक्षी एकमेकांत मिसळल्या तर उपयोग नाही."

त्या संध्याकाळी तारकोबांच्या घरी फक्त हवापाण्याच्या गप्पा झाल्या. "उद्या सरांनी बोलावलंय" एवढंच ते म्हणाले. बायको त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली आणि तिला जे कळायचं ते कळलं.

शुक्रवारी सकाळी ती कार्यालयात आली. एकतीस वर्षांत पहिल्यांदाच. जिना चढताना खालचे डॉक्टर तिला आत बोलावत होते. सरांनी उठून खुर्ची दिली. कॉम्प्युटरवाली बाई लाल मशीन सोडून दारात उभी राहिली. सरांनी फळ्यावर मधोमध उभी रेघ मारली. डावीकडे 'शाखा पहिली' आणि खाली तारकोबांची कालची साक्ष लिहिली, उजवीकडे 'शाखा दुसरी'. तारकोबांना भिंतीकडे तोंड करून बसवण्यात आलं.

"वहिनी, शर्ट कोणता?"

"निळ्या रेघांचा."

"पांढरा होता," भिंतीकडून आवाज आला.

"तुमचं काल झालंय, मध्ये बोलू नका," सर म्हणाले आणि दोन्ही बाजूंना लिहिलं. "वार?"

"रविवार. मी धुणं रविवारीच काढायची. हे म्हणाले असतील सोमवार, कारण यांना कळलं सोमवारी."

सरांनी डावीकडच्या सोमवाराकडे पाहिलं आणि मान डोलावली. "चिठ्ठी कोणाला सापडली?"

"मला. शर्ट पिळताना हाताला लागली. हे आंघोळीला गेले होते."

"मला सापडली," भिंत म्हणाली. "वाळत घातलेल्या शर्टाच्या खिशात."

"तुम्हाला मी दिली," बायको म्हणाली. "खिशात तुम्ही हात घातलात, पण तो रिकामा होता. मग तोंड पांढरं करून स्वयंपाकघरात आलात."

सर फार खुशीत आले होते. "उत्तम. तुमचं सगळंच जुळलं असतं ना, तर घरी ठरवून आलात असं मी धरलं असतं. पण जिथे चुकायला हवं तिथे नीट चुकताय. शाखा स्वतंत्र आहेत." मग त्यांना एकदम आठवलं की यात खुशी मानण्यासारखं काही नाही, आणि ते खुर्चीत बसले. "म्हणजे चिठ्ठी धुतली गेली, हे खरं."

"अगदी लगदा झाला होता," तारकोबा म्हणाले.

"लगदा कसला?" बायको म्हणाली. "चार घड्या होत्या. मी उलगडून खिडकीच्या काचेवर चिकटवली. ऊन येत होतं, अर्ध्या तासात वाळली. यांच्या ऑफिसातली पहिलीच वस्तू माझ्या हातात आलेली, आणि तीच मी धुतली. मला रडू यायचं बाकी होतं. म्हणून उभी राहून बघत होते, काही वाचता येतंय का."

"काही आलं?" सरांनी विचारलं.

"अक्षरं सगळी गेली होती. नुसती निळाई. शेवटी तेवढं एक प्रश्नचिन्ह होतं."

खालून डॉक्टरांच्या यंत्राचा आवाज येत होता.

"डाग होता तो," तारकोबा भिंतीकडेच बघत म्हणाले.

"डागाखाली टिंब नसतं. मी तुम्हाला विचारलंही, हे काय म्हणून. तुम्ही म्हणालात, डाग आहे, टाकून दे."

तारकोबांनी तेव्हा नीट पाहिलंच नव्हतं. माणूस आपल्या गुन्ह्याकडे काही रोखून बघत नाही. शब्दाची जागा निळी झालेली दिसली, तेवढंच त्यांना पुरलं होतं.

सर उठले. बाईच्या टेबलावरच्या बुटांच्या खोक्यातून त्यांनी एक चिठ्ठी काढली. बघून परत ठेवली. दुसरी काढली. तिच्यावर निळ्या शाईत नंबर, धातू, अर्थ होते, आणि ओळीच्या शेवटी प्रश्नचिन्ह होतं. पाण्याचा पेला त्यांनी पुढे ओढला.

"सर, ती ओरिजिनल आहे," बाई म्हणाली.

"भरून झालीय ना?"

"झालीय, पण..."

सरांनी चिठ्ठी पेल्यात बुडवली. सगळे पेल्याभोवती जमले. तारकोबांनीही भिंतीची रजा घेतली. पाण्यात शाईचा निळा धूर पसरत गेला. सरांनी चमच्यानं ते हळूच ढवळलं, चिठ्ठी बाहेर काढली आणि खिडकीच्या काचेवर चिकटवली. नंबर गेला होता, धातू गेला होता, अर्थ गेला होता. शेवटचं प्रश्नचिन्ह जसंच्या तसं काचेवर उभं होतं.

सरांनी कानावरची पेन्सिल काढून हातात घेतली.

"माहीत असलेलं मी शाईनं लिहितो," ते म्हणाले. "माहीत नसलेलं पेन्सिलीनं. पुढेमागे कळलं तर खोडता यावं म्हणून. आजवर खोडलं मात्र एकही नाही."

म्हणजे एकतीस वर्षांपूर्वी सरांनी चारशे सतराबद्दल काही पाहिलंही नव्हतं आणि विसरलेही नव्हते. त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं होतं, की मला हे माहीत नाही. सगळ्या चिठ्ठीत तेवढा एक शब्द धुण्यातून वाचला होता, आणि तोच तारकोबांनी डाग म्हणून फेकला होता.

"सर," तारकोबा म्हणाले, आणि पुढचं भाषण पाठ नसल्यामुळे थांबले.

सरांनी पेन्सिल परत कानावर ठेवली. मग म्हणाले, "तेव्हाचा मी फार सावध माणूस होतो." ते दुसऱ्या कोणाबद्दल तरी बोलावं तसं बोलले, आणि त्या दुसऱ्या माणसाबद्दल त्यांच्या आवाजात आदर होता. "बरं का वहिनी, चौथ्या वर्गात तीन धातू मला कधीच बसवता आले नाहीत. वीस वर्षं झाली. कुठेतरी पाय बाहेर यायचाच. रात्री झोपताना मी त्यांना शिव्या द्यायचो. ते बिचारे बरोबर होते."

"मग आता?" बायकोनं विचारलं.

"आता ब्याऐंशी पानं काढायची. आणि कोणी काढायची, हे शिक्षा मागणाऱ्यानं विचारू नये."

सरांनी निळं कार्ड मागवलं. तारकोबांनी तारका खोडली. नऊ हजारांत त्यांनी खोडलेली ही पहिलीच. रूपावर आडवी रेघ मारली आणि प्रश्नचिन्ह काढायला लाल पेन उचललं. सरांनी ते पेन काढून घेतलं आणि त्यांच्या हातात पेन्सिल दिली. तारकोबांनी पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढलं, खाली टिंब दिलं. मागे मूळ चिठ्ठीच्या जागी सरांनी सांगितलं तसं लिहिलं: 'चिठ्ठी धुण्यात गेली. साक्षीदार दोन.' बाईनं ते मशीनमध्ये भरलं, आणि मशीन आपणहून हिरवं झालं.

शनिवार अर्थातच हुकला. छापखान्याला तीन आठवडे थांबावं लागलं. तारकोबा ते तीनही आठवडे सुट्टीच्या दिवशीसुद्धा आले आणि चौथ्या वर्गातला एकेक धातू त्याच्या आधीच्या घरी नेऊन सोडत बसले. ते तीन हट्टी धातू न बोलता आपापल्या जागी बसले. सरांनी नवी प्रस्तावना लिहिली, दीड पानाची. त्यात त्यांनी चौथा वर्ग मागे घेतला आणि चूक आपली असल्याचं म्हटलं. तारकोबांनी सुवाच्य उतरवताना 'आपली' खोडून 'माझी' केलं आणि खाली स्वतःचं नाव घातलं. सरांनी ते परत 'आपली' केलं. असं चार वेळा झालं. छापून आलं ते 'आपली'च, आणि मराठीत त्याचा अर्थ ज्याला जसा लावायचा तसा लागतो, असं म्हणून दोघांनी विषय संपवला.

निरोपसमारंभ झाला. बाईनं केक आणला होता. खालच्या डॉक्टरांनी येऊन सगळ्यांना तो न खाण्याचा सल्ला दिला आणि दोन तुकडे खाल्ले. तारकोबा घरी बसू लागले. ओझं उतरलं होतं. इतकी वर्षं वाहिलेलं ओझं उतरल्यावर माणूस थोडा वाकडाच चालतो, तसे ते महिनाभर चालले.

मग खंड बाहेर पडला, आणि पत्रं यायला लागली.

पहिलं पत्र सर स्वतः घेऊन तारकोबांच्या घरी आले. एका परदेशी विद्वानानं लिहिलं होतं, की आदरणीय प्राध्यापकांनी वयपरत्वे घाई केली आहे. 'ढवळणे' धातूचं ते रूप भक्कम आहे आणि त्याच्यावाचून पुढची निदान सहा रूपं उलगडत नाहीत. धुण्याचा जो किस्सा प्रस्तावनेत आला आहे तो रंजक असला, तरी त्याला लेखी आधार नाही. आणखी एका परदेशी विदुषींनी तर चौथ्या वर्गाची आणखी दोन उदाहरणं शोधून काढली होती.

"मी मागे घेतलं, तरी ते मागे यायला तयार नाही," सर म्हणाले. ते रागावलेले दिसत नव्हते. "ते म्हणतात, कल्पना ज्यानं मांडली त्याला ती नेहमीच कळते असं नाही."

"आता काय करायचं, सर?" तारकोबांनी विचारलं. त्यांचा चेहरा पुन्हा त्या सोमवारसारखा झाला होता.

"काही नाही. आपण कबूल केलं. आता ते मानायचं की नाही, हा त्यांचा प्रश्न."

बायको चहा घेऊन आली. तिनं सगळं आतून ऐकलं होतं.

"घरात यांना कोणी एक शब्द मध्ये घालू देत नाही," ती सरांना म्हणाली. "आणि तिकडे पाच हजार वर्षांपूर्वीच्या लोकांच्या तोंडात यांनी घातलेला शब्द आता कोणाला काढता येत नाही."

सर इतके हसले, की खोकला लागला. तारकोबा हसले नाहीत. पण त्यांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या, आणि बायकोनं ते पाहून हिशेब केला, की माणूस आतून सुखावलाय. तारका दिली नाही.

सर जाताना पत्र विसरून गेले. तारकोबांनी ते दोनदा वाचलं, 'भक्कम' या शब्दापाशी जरा जास्त वेळ थांबले. मग चार घड्या केल्या आणि शर्टाच्या खिशात ठेवलं.

रविवारी बायकोनं धुणं काढलं. एकतीस वर्षं ती प्रत्येक शर्टाचा खिसा उलटा करून बघत आलेली. पत्र हाताला लागलं. तिनं उलगडून पाहिलं, सगळं शाईत होतं, पेन्सिलीचं काही नव्हतं. तिनं न्हाणीघराच्या दारातून हाक मारली.

"अहो, हे ठेवू की धुऊ?"

नळाचं पाणी वाहत होतं.